यील्ड ११२ टक्के आले, जर्नलमध्ये काय लिहावे?

वाचकाचे पत्र

आदरणीय मॅडम,
मी टी.वाय. बीएस्सीला रसायनशास्त्र घेतले आहे. गेल्या आठवड्यात प्रॅक्टिकलला आम्ही दोघींनी मिळून सॅलिसिलिक आम्लापासून ॲस्पिरिन तयार केले. सॅलिसिलिक आम्ल ५.०० ग्रॅम, ॲसिटिक ॲनहायड्राइड ७ मिलिलीटर आणि संहत सल्फ्युरिक आम्लाचे काही थेंब घेतले होते. गाळून झाल्यावर उत्पादित फिल्टर पेपरमध्ये दाबून लगेच वजन केले, ते ७.३० ग्रॅम भरले. माझ्या हिशेबाने यील्ड ११२ टक्के येते. जोडीदार मैत्रिणीच्या हिशेबाने त्याच वजनावरून ५४.७ टक्के येते. वरच्या वर्गातली एक ताई म्हणते की सगळे ८५ टक्के लिहितात, तुम्हीही तेच लिहा. आमच्यापैकी कोणाचे चुकले? जर्नलमध्ये काय लिहावे? परीक्षेत ११२ पाहून गुण कापतील का?
— एक विद्यार्थिनी, सातारा

उत्तर

यील्ड म्हणजे जास्तीत जास्त मिळू शकणाऱ्या उत्पादितापैकी, म्हणजे तयार होणाऱ्या पदार्थापैकी, प्रत्यक्ष किती टक्के हाती आले तो आकडा. तुमच्या पत्रात असे तीन आकडे आहेत आणि त्या तिघांची जात वेगवेगळी आहे. तुमचे ११२ टक्के अशक्य दिसतात, पण गणित बरोबर आहे. चूक वजनाच्या वेळेत आहे. मैत्रिणीचे ५४.७ टक्के पटण्याजोगे दिसतात, पण तिचे गणितच चुकले आहे. ताईंचे ८५ टक्के सर्वांत सुबक दिसतात, आणि त्यांच्यामागे गणितही नाही आणि वजनही नाही. आकडा दिसतो कसा यावरून तो खरा की खोटा हे ठरवता येत नाही, आणि ते ठरवण्याची पद्धत हातात असली की परीक्षेची भीती बरीचशी आपोआप कमी होते. म्हणून आधी हिशेब पाहू, मग तराजूकडे येऊ.

थिऑरेटिकल यील्ड म्हणजे घेतलेल्या पदार्थांपासून संतुलित समीकरणानुसार जास्तीत जास्त किती उत्पादित मिळू शकते, ते वजन. ते प्रयोगाला हात लावण्यापूर्वीच ठरलेले असते. तुमचा हात किती सफाईदार आहे, पंप चालला की बंद पडला, याच्याशी त्याचा संबंध नसतो. ॲस्पिरिनच्या बाबतीत समीकरण सोपे आहे: सॅलिसिलिक आम्लाचा एक मोल (मोल म्हणजे रेणूंची ठरावीक संख्या; ग्रॅममधले वजन रेणुवस्तुमानाने भागले की मोल मिळतात) आणि ॲसिटिक ॲनहायड्राइडचा एक मोल यांपासून ॲस्पिरिनचा एक मोल आणि ॲसिटिक आम्लाचा एक मोल तयार होतो. सॅलिसिलिक आम्लाचे रेणुवस्तुमान १३८.१२ आहे, म्हणून ५.०० ग्रॅम म्हणजे ०.०३६२ मोल. ॲसिटिक ॲनहायड्राइड तुम्ही आकारमानाने मोजले, तेव्हा आधी त्याचे वजन काढावे लागते. त्याची घनता मिलिलीटरला १.०८ ग्रॅम धरली तर ७ मिलिलीटर म्हणजे ७.५६ ग्रॅम, आणि १०२.०९ या रेणुवस्तुमानाने भागल्यावर ते ०.०७४१ मोल भरतात. म्हणजे ॲनहायड्राइड गरजेच्या दुपटीहून थोडे जास्तच आहे. सॅलिसिलिक आम्ल आधी संपणार, म्हणून तेच मर्यादित अभिक्रियाकारक, ज्याला आपण प्रयोगशाळेत लिमिटिंग रिएजंट म्हणतो. ॲस्पिरिनचे रेणुवस्तुमान १८०.१६ आहे, ०.०३६२ मोलांना त्याने गुणले की ६.५२ ग्रॅम येतात. हे तुमचे थिऑरेटिकल यील्ड. ७.३० ला ६.५२ ने भागून शंभराने गुणले की ११२ येतात. तुमचा हिशेब इथपर्यंत निर्दोष आहे.

तुमच्या मैत्रिणीने हाच हिशेब ॲनहायड्राइडवरून केला असणार. ०.०७४१ मोलांना १८०.१६ ने गुणले की १३.३४ ग्रॅम येतात आणि ७.३० ग्रॅम हे त्याचे ५४.७ टक्के होतात, म्हणून मला हे खात्रीने म्हणता येते. पण ५.०० ग्रॅम सॅलिसिलिक आम्लापासून १३.३४ ग्रॅम ॲस्पिरिन तयार होणे कोणत्याही प्रयोगशाळेत शक्य नाही, कारण निम्म्याहून अधिक ॲनहायड्राइडला जोडी करायला रेणूच उरलेला नाही. ते जास्तीचे ॲनहायड्राइड मुद्दाम घेतलेले असते: त्यातच सॅलिसिलिक आम्ल विरघळते, अभिक्रिया पूर्णत्वाकडे ढकलली जाते, आणि काम झाल्यावर पाणी घालून उरलेल्याचे ॲसिटिक आम्ल करून टाकता येते. म्हणूनच ७ ऐवजी साडेसात मिलिलीटर पडले तरी थिऑरेटिकल यील्ड तसूभरही बदलत नाही, मात्र सॅलिसिलिक आम्ल वजन करताना चूक झाली तर सगळा हिशेब बिघडतो. सल्फ्युरिक आम्ल उत्प्रेरक आहे. त्याचे मोल या हिशेबात येतच नाहीत.

मैत्रिणीची ही चूक फार सर्वत्र होते, आणि ती धोक्याची आहे, कारण उत्तर शंभराच्या आत येत असल्यामुळे कुणाला शंका येत नाही. मर्यादित अभिक्रियाकारक ओळखताना ग्रॅम पाहून निर्णय घ्यायचा नसतो. तुमच्या प्रयोगात कमी ग्रॅमचा पदार्थच आधी संपणारा निघाला, पण तो योगायोग आहे. ॲनिलीनपासून ॲसिटॅनिलाइड करताना समजा ॲनिलीन ५.० ग्रॅम आणि ॲसिटिक ॲनहायड्राइड ५.२ ग्रॅम घेतले. ॲनिलीनचे रेणुवस्तुमान ९३.१३ आहे, म्हणून त्याचे ०.०५३७ मोल होतात. ॲनहायड्राइडचे मात्र ०.०५०९ मोलच होतात. ग्रॅमने जास्त असलेला पदार्थ मोलने कमी निघाला, आणि थिऑरेटिकल यील्ड त्याच्यावरून काढावे लागते. मोल पाहूनही काम संपत नाही, कारण समीकरणातले गुणांक, म्हणजे कोणत्या पदार्थाचे किती रेणू लागतात ते आकडे, पाहायचे राहतात. डायबेंझाल ॲसिटोनच्या प्रयोगात बेंझाल्डिहाइडचे दोन रेणू आणि ॲसिटोनचा एक रेणू लागतो. बेंझाल्डिहाइडचे ०.०५० मोल आणि ॲसिटोनचे ०.०३० मोल घेतले तर मोल जास्त असूनही बेंझाल्डिहाइडच आधी संपते, कारण दोनाने भागल्यावर ते ०.०२५ वर येते. प्रत्येक अभिक्रियाकारकाचे मोल त्याच्या स्वतःच्या गुणांकाने भागावेत, आणि जो भागाकार सर्वांत लहान येईल तो पदार्थ पकडावा. दोन ओळींचे हे काम प्रत्येक वेळी जर्नलमध्ये लिहून करावे; तोंडी केले की हमखास गडबड होते.

आता तुमच्या ११२ टक्क्यांकडे वळू. वस्तुमान अक्षय्यतेचा नियम तुमच्या बुकनर फनेलमध्येही (पंपाने ओढून गाळण्याच्या नरसाळ्यातही) तितकाच लागू असतो, त्यामुळे ६.५२ ग्रॅमपेक्षा जास्त जे काही तराजूवर होते ते ॲस्पिरिन असूच शकत नाही. म्हणजे निदान ०.७८ ग्रॅम दुसरे काहीतरी होते, आणि थोडे ॲस्पिरिन गाळणीतून खाली गेलेलेच असल्यामुळे प्रत्यक्षात ते त्याहूनही जास्त असणार. तुमच्या वर्णनावरून ते मुख्यतः पाणी आहे, त्यात थोडे ॲसिटिक आम्ल. सक्शनवर ओढून आणि फिल्टर पेपरच्या घड्यांत दाबून स्फटिक कोरडे दिसू लागतात, बोटाला ओल लागत नाही, पण बारीक सुयांसारख्या स्फटिकांच्या मधे पुष्कळ पाणी अडकून राहते. वजन करताना फिल्टर पेपरसकट केले असेल आणि कोऱ्या पेपरचे वजन वजा केले असेल, तरी ओल्या पेपरने प्यायलेले पाणी तुमच्या ॲस्पिरिनच्या खात्यावर जमा होते.

यावर उपाय एकच आहे आणि तो घाईने होत नाही. उत्पादित वजन केलेल्या वॉच ग्लासवर पातळ पसरावे, रात्रभर हवेवर ठेवावे, मग डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओल शोषणारा पदार्थ ठेवलेल्या बंद भांड्यात, ठेवावे आणि वजन करावे. पुन्हा तितकाच वेळ ठेवून पुन्हा वजन करावे. दोन लागोपाठच्या वजनांत तुमच्या तराजूच्या शेवटच्या अंकाइतकाच, म्हणजे ०.०१ ग्रॅमचा फरक उरला की पदार्थ स्थिर वजनाला आला असे समजावे. ओव्हन वापरायचाच असेल तर तो ५० अंशांच्या आसपास ठेवावा. वेळ वाचवण्यासाठी ओले ॲस्पिरिन शंभर अंशांच्या वर तापवू नये, कारण पाणी आणि उष्णता एकत्र आली की त्याचे जलविघटन होऊन पुन्हा सॅलिसिलिक आम्ल आणि ॲसिटिक आम्ल तयार होऊ लागते. वाळवताना व्हिनेगरचा वास येत राहिला तर हा संशय जरूर घ्यावा. उत्पादित तुम्ही पुडीत ठेवले असेल तर ते आजही वाळवता येईल. समजा त्याचे स्थिर वजन ५.२८ ग्रॅम भरले, तर यील्ड ८१.० टक्के. हा तुमच्या कच्च्या उत्पादिताचा खरा आकडा होईल.

कच्च्या म्हणण्यामागे कारण आहे, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणात विद्यार्थ्यांना सर्वांत कमी शिकवली जाणारी गोष्ट हीच आहे. तराजू फक्त वजन सांगतो, पदार्थ ओळखत नाही. पूर्ण कोरडे आणि शंभर टक्क्यांच्या आत असलेले वजनही फसवे असू शकते. समजा तुमच्या सॅलिसिलिक आम्लापैकी नव्वद टक्क्यांचेच ॲस्पिरिन झाले, दहा टक्के तसेच राहिले, आणि दोन्ही फिल्टर पेपरवर एकत्र सापडले. सॅलिसिलिक आम्लही थंड पाण्यात फारसे विरघळत नाही, तेव्हा हे सहज घडते. मग ५.८७ ग्रॅम ॲस्पिरिन आणि ०.५० ग्रॅम सॅलिसिलिक आम्ल मिळून ६.३७ ग्रॅम वजन भरेल आणि जर्नलमध्ये ९७.७ टक्के लिहिले जातील. ॲस्पिरिन मात्र नव्वदच टक्के आहे, आणि तेही मिसळलेले. एवढ्या उत्तम यील्डबद्दल वर्गात कौतुकही होईल, म्हणून हा आकडा मला तुमच्या ११२ टक्क्यांपेक्षा जास्त काळजीचा वाटतो. ११२ निदान स्वतःच ओरडून सांगतात की काहीतरी राहिले आहे.

त्यासाठी वजनाच्या जोडीला दोन साध्या परीक्षा करायच्या असतात. पहिली फेरिक क्लोराइडची: चिमूटभर उत्पादित थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून त्यात फेरिक क्लोराइडच्या विरल द्रावणाचे एक-दोन थेंब टाकावेत. सॅलिसिलिक आम्लात फिनॉलचा हायड्रॉक्सिल गट मोकळा असतो, म्हणून जांभळा रंग येतो; ॲस्पिरिनमध्ये तो गट ॲसिटिल गटाने झाकलेला असतो, म्हणून शुद्ध नमुन्यात तो रंग येत नाही. दुसरी परीक्षा द्रवणांकाची. शुद्ध ॲस्पिरिन साधारण १३५ अंशांच्या सुमारास वितळते, पण तापवताना त्याचे थोडे विघटन होत असल्यामुळे फार सावकाश तापवले तर आकडा खाली येतो. म्हणून १२० अंशांपर्यंत जरा लवकर न्यावे आणि पुढे मात्र अंशाअंशाने वाढवावे. सॅलिसिलिक आम्ल शुद्ध असेल तर १५९ अंशांच्या आसपास वितळते, पण मिसळलेले असताना ते द्रवणांक वर नेत नाही, उलट मिश्रण आधीच आणि लांबलचक टप्प्यात वितळू लागते. नमुना १२२ ते १२९ अंशांत रेंगाळत वितळला तर तो एक तर अशुद्ध आहे किंवा ओला आहे, आणि त्याच्या यील्डच्या आकड्यावर विसंबू नये.

पुनःस्फटिकीकरण केले, म्हणजे शुद्धीसाठी पदार्थ विरघळवून त्याचे पुन्हा स्फटिक केले, की वजन कमी होणारच. ५.२८ ग्रॅमचे ४.३७ ग्रॅम झाले तर यील्ड ६७.० टक्क्यांवर येईल, आणि पुष्कळ मुली इथे हिरमुसतात. हिरमुसू नये, फेरिक क्लोराइडला रंग न देणारे ६७ टक्के हे जांभळ्या ८१ टक्क्यांपेक्षा केव्हाही चांगले काम आहे. दोन्ही आकडे लिहावेत, एक कच्च्याचा आणि एक शुद्धाचा, आणि कोणता कशाचा ते स्पष्ट लिहावे.

उरलेले ॲस्पिरिन गेले कुठे, हा प्रश्न परीक्षक विचारतातच. त्याला ‘प्रायोगिक त्रुटींमुळे’ असे मोघम उत्तर देऊ नका, कारण याचाही हिशेब करता येतो. खोलीच्या तापमानाला एक ग्रॅम ॲस्पिरिन विरघळायला सुमारे ३०० मिलिलीटर पाणी लागते. तुम्ही मिश्रणात ओतलेले आणि धुण्यासाठी वापरलेले पाणी मिळून ६० मिलिलीटर असेल आणि ते बर्फगार नसेल, तर जवळजवळ ०.२ ग्रॅम, म्हणजे तीन टक्के, नुसते गाळणीखाली जातात. बर्फात ठेवून थंड केले आणि थोड्या थोड्या बर्फगार पाण्याने दोनदा धुतले की हा तोटा बराच कमी होतो.

दुसरे कारण बहुतेकांच्या लक्षात येत नाही, ते म्हणजे शंकुपात्रातले पाणी. ते धुऊन कोरडे न करताच वापरले आणि तळाशी फक्त एक मिलिलीटर पाणी राहिले, तर ते ०.०५५५ मोल भरते. पाण्याचा एक मोल ॲनहायड्राइडचा एक मोल खाऊन टाकतो. हे पूर्णपणे घडले असे धरले, तर तुमच्या ०.०७४१ मोलांपैकी ०.०१८६ मोल उरतात, म्हणजे सॅलिसिलिक आम्लाच्या निम्मे, आणि जे ॲनहायड्राइड भरपूर घेतले होते तेच आधी संपू लागते. झाकण सैल राहून दमट हवेत जुनी झालेली ॲनहायड्राइडची बाटली हेच करते, फक्त हळूहळू. मात्र एक लक्षात ठेवा: अशा वेळी थिऑरेटिकल यील्ड कमी करून घेण्याची मुभा आपल्याला नसते. तुम्ही जे मोजून घेतले त्यावरून भाजक ठरतो. पाण्याने झालेले नुकसान यील्डच्या घसरणीतच दिसले पाहिजे आणि निष्कर्षात त्याचे कारण लिहिले पाहिजे.

आता ताईंच्या ८५ टक्क्यांविषयी. त्यांचा हेतू तुम्हाला अडचणीतून सोडवण्याचा होता यात मला शंका नाही, पण हा सल्ला मानू नका. यील्डचा आकडा पुढच्या माणसासाठी लिहिलेला असतो, आणि हा पुढचा माणूस पुष्कळदा आपण स्वतःच असतो. तुम्ही एमएस्सीला गेलात की टप्प्याटप्प्याच्या प्रिपरेशन्स कराल: ॲनिलीनपासून ॲसिटॅनिलाइड, त्यापासून पॅरा-नायट्रोॲसिटॅनिलाइड, त्यापासून पॅरा-नायट्रोॲनिलीन. दहा ग्रॅम ॲनिलीनपासून थिऑरेटिकल हिशेबाने १४.८ ग्रॅम पॅरा-नायट्रोॲनिलीन मिळायला हवे. प्रत्येक टप्प्याला खरे यील्ड ८० टक्के असेल तर तीन टप्प्यांचे मिळून ५१.२ टक्के होते आणि हातात ७.६ ग्रॅम येतात. कोणी तिन्ही टप्प्यांना शोभेसाठी ९५ टक्के लिहून ठेवले असतील, तर त्यावर विश्वास ठेवणारा १२.७ ग्रॅमची अपेक्षा करील, पुढच्या कामाची मात्रा त्यावर बेतील, आणि तिसऱ्या टप्प्याला पदार्थ अपुरा पडला की दोष स्वतःच्या हाताला देत बसेल. महाराष्ट्रात औषधनिर्मितीचे आणि रसायनांचे कितीतरी कारखाने आहेत, तुमच्यापैकी अनेकजणी तिथे कामाला लागतील, आणि तिथे बॅचचे यील्ड ठरलेल्या मर्यादेबाहेर गेले, मग ते कमी असो वा जास्त, तर त्याचे कारण शोधून नोंदवावे लागते. जास्त यील्ड तिथे आनंदाची बातमी नसते. बॅच नीट वाळली नाही किंवा वजनात घोटाळा झाला, अशी शंका आधी घेतली जाते.

परीक्षेत गुण कापले जातील का, या प्रश्नाला सरसकट उत्तर देता येणार नाही, कारण परीक्षक परीक्षकागणिक वेगळा असतो. मी परीक्षक म्हणून बसते तेव्हा जर्नलमध्ये ११२ टक्के पाहून मी प्रश्न विचारते, आणि विद्यार्थिनीने ‘उत्पादित ओले असताना वजन केले, त्यात निदान ०.७८ ग्रॅम पाणी आणि ॲसिटिक आम्ल होते’ असे हिशेबासह सांगितले तर तिचे गुण कापत नाही. साऱ्या बॅचच्या जर्नलमध्ये एकसारखे ८५ टक्के आणि मोलांचा हिशेब कुठेच नाही, असे दिसले तर मात्र मी नमुन्याची पुडी मागवते आणि तराजूवर ठेवते.

जर्नलमध्ये लिहिलेली जुनी नोंद खोडू नये. ती तशीच राहू द्या आणि तिच्याखाली तारीख घालून असे लिहा: मर्यादित अभिक्रियाकारक सॅलिसिलिक आम्ल, ०.०३६२ मोल, थिऑरेटिकल यील्ड ६.५२ ग्रॅम, ओलसर कच्च्या उत्पादिताचे वजन ७.३० ग्रॅम, त्यावरून यील्ड ११२ टक्के, वजनात पाणी असल्यामुळे ग्राह्य नाही. डेसिकेटरमध्ये स्थिर वजनापर्यंत वाळवल्यानंतरचे वजन इतके, यील्ड इतके. द्रवणांक इतका ते इतका. फेरिक क्लोराइडची परीक्षा अमुक. टक्केवारी तीनच सार्थ अंकांत लिहा, ५.०० ग्रॅम आणि ७.३० ग्रॅम एवढ्या अचूकतेने मोजलेल्या वजनांवरून १११.९३२४ असे लिहिणे गणकयंत्राचे म्हणणे आहे, तुमच्या तराजूचे नाही. उत्पादित टाकून दिले असेल आणि वाळवता येणार नसेल, तर ११२ टक्क्यांची ओळ आणि तिचे कारण एवढेच लिहून सरांची किंवा मॅडमची सही घ्या, आणि शक्य असल्यास पुढच्या मोकळ्या तासाला तोच प्रयोग २.०० ग्रॅम सॅलिसिलिक आम्लावर पुन्हा करण्याची परवानगी मागा. त्याचे थिऑरेटिकल यील्ड २.६१ ग्रॅम येईल, ॲनहायड्राइड ३ मिलिलीटर पुरेल, आणि शंकुपात्र आदल्या दिवशीच धुऊन ओव्हनमध्ये वाळवून ठेवा.